सहा महिन्यांसाठी आलेली आत्या

माझी आत्या या देशात आली ती माझ्यामुळे. माझा जन्म व्हायचा होता. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती, बाबा बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करायचे, आणि दोघांच्याही घरचं कुणी हाकेच्या अंतरावर नव्हतं. बाबांनी मोठ्या बहिणीला पत्र लिहिलं, की सहा महिन्यांसाठी ये, बाळानं मान धरली की परत जा. आत्या एक ट्रंक आणि फडक्यात गुंडाळलेले अकरा ब्रश घेऊन उतरली. बाळंतिणीच्या घरी ब्रश कशाला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, हात रिकामे राहिले की मी भांडते, तुम्हालाच त्रास होईल. त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. मी मान धरली, रांगले, शाळेत गेले, नोकरीला लागले. आत्याच्या परतीचा विषय मध्येच कधीतरी निघायचा बंद झाला, तो नेमका कधी हे घरात कुणालाच आठवत नाही.

ब्रश तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आत्या आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली होती. आधी खडूची दोरी धरायची, मग अक्षरांच्या पोटात रंग भरायचा, मग सावल्या काढायच्या. पुढे अण्णांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून पाट्या आत्याच रंगवायची आणि अण्णा शेजारी स्टुलावर हातात ब्रश धरून बसून राहायचे, गिऱ्हाइकाला वाटावं की काम त्यांचंच आहे. खाली सही त्यांचीच. अशी अकरा वर्षं गेली. अण्णा वारले तेव्हा जो तो हळहळला, की पेंटर गेले, आता दुसरा बघायला हवा. तो दुसरा अकरा वर्षं तिथेच उभा होता हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाबांचं पत्र आलं तेव्हा आत्यानं दोन दिवसांत ट्रंक भरली ती त्यामुळे.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी जाडजूड, अबोल आणि एकटा. त्याच्या दुकानाच्या पाटीचे रंगाचे पोपडे निघाले होते आणि मधलं एक अक्षर पावसानं धुऊन नेलं होतं. आत्या रोज मला खांद्यावर टाकून खाली न्यायची आणि त्या पाटीसमोर उभी राहायची. तिला ते बघवत नव्हतं. न्हाव्याला वाटलं, बाईला बाळाचं जावळ उतरवायचंय. त्यानं दोनदा खुर्ची पुसून दिली. शेवटी आत्यानं पाटीकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं, आणि हवेत ब्रश फिरवल्यासारखं केलं. न्हाव्यानं एका कागदावर मजकूर लिहून दिला.

आत्याला इथल्या लिपीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं ती अक्षरं जशी दिसली तशी उतरवली, एखाद्यानं झाडाची पानं उतरवावीत तशी. तीन दिवस ती जिन्याखाली बसून रंगवत होती आणि मी शेजारी टोपलीत. कागदावर सगळ्यात खाली एक छोटी ओळ होती. पाटीवर खाली जागा भरपूर उरली होती, म्हणून तिनं ती ओळ सगळ्यात ठसठशीत काढली. पिवळी अक्षरं, त्यांना लाल सावली. तिला वाटलं, आपल्याकडे सुस्वागतम असतं तसलं काहीतरी असणार.

पाटी लागली. थोड्या वेळानं दुकानापुढे गर्दी जमली. बाबा कामावरून आले, त्यांनी मान वर करून वाचलं आणि ते पोट धरून फुटपाथवरच बसले. पाटीवर दुकानाचं नाव होतं, उघडण्याची वेळ होती, आणि खाली लाल-पिवळ्या झोकदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘शनिवारपर्यंत हवी.’

आत्याला हे समजल्यावर ती लाजेनं अर्धी झाली. शिडी घेऊन पाटी उतरवायला निघाली. न्हाव्यानं शिडी धरली आणि हलूच दिली नाही. दिवसभरात चौदा माणसं नुसती हसायला आत आली होती आणि त्यातली नऊ केस कापूनच बाहेर पडली होती. शनिवारपर्यंत काय हवंय, असं कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, तुमची हजामत. त्याचं नावच शनिवारवाला पडलं आणि त्या नावानं तो बोलायलाही लागला. पुढे पाटी जुनी झाली तेव्हा त्यानं आत्याकडून ती तशीच्या तशी पुन्हा रंगवून घेतली.

शनिवारवाल्याची बहीण पलीकडच्या गल्लीत तळघरात छापखाना चालवायची. सर्कस, लिलाव, नाटकं, दुकानांचे सेल, असली मोठमोठी पोस्टरं तिथं छापली जायची. एवढी मोठी अक्षरं शिशाच्या टाइपात मिळत नसत, ती लाकडात कोरावी लागत. आणि कोरायची ती उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. इथेच घोडं पेंड खायचं. छापखान्यात दोन कोरणारे होते, दोघंही शिकलेले, आणि दोघांकडूनही पोस्टरामागे एखादं अक्षर हमखास सुलटं कोरलं जायचं. डोळा वाचायला लागला की हात चुकतो. आत्याचा डोळा वाचतच नव्हता. तिला सुलटं काय आणि उलटं काय, सगळ्याच नुसत्या आकृत्या. शनिवारवाल्यानं सांगितलं म्हणून मालकिणीनं तिला एक शब्द कोरायला दिला. मालकिणीच्या गळ्यात दोरीला एक छोटा आरसा असायचा, उलटी अक्षरं तपासायला. तिनं आत्याचा ठसा आरशात पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खिळ्यावरचा एक एप्रन काढून तिच्या हातात दिला.

मीही रोज छापखान्यात जायची. कागदाच्या रिकाम्या खोक्यात माझी गादी होती. संध्याकाळी आत्या मला घरी आणून आईच्या हवाली करायची तेव्हा मी ठिकठिकाणी काळी झालेली असायची. आई म्हणायची, धुतल्याशिवाय आपलंच पोर आहे की नाही ते कळत नाही.

पाच वर्षांची झाल्यावर मी शाळेत जायला लागले. घरी आल्यावर मी अक्षरं गिरवायची तेव्हा आत्या शेजारी मांडी ठोकून बसायची आणि माझ्यामागून म्हणायची. मी तिच्या चुका काढायची. मला त्याची भारी मजा वाटायची, कारण घरात बाकी कुणाच्या चुका मला काढता येत नव्हत्या. चार-पाच महिन्यांत आत्या बसवरच्या पाट्या वाचायला लागली. मग औषधांच्या बाटल्या, मग पेपरातले मथळे. ती इतकी खूश होती की रस्त्यानं चालताना दिसेल ते मोठ्यानं वाचायची, आणि आई चार पावलं मागे राहायची, ओळख नसल्यासारखी.

एके दिवशी तिनं सर्कशीच्या पोस्टराचा ठसा कोरून मालकिणीसमोर ठेवला. मालकिणीनं आरसा हातात घेतला, आणि न वापरताच खाली सोडला. ठशावरचा अख्खा शब्द तिला सरळ वाचता येत होता. तिनं आत्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू वाचायला शिकलीस वाटतं.”

आत्या म्हणते, आयुष्यात एवढं मोठं कौतुक आणि एवढी मोठी बोलणी मी एकाच वाक्यात कधी ऐकली नव्हती. पुढे वर्षभर तिच्या हातून चुका होत राहिल्या. मालकिणीनं सांभाळून घेतलं. हळूहळू हात आणि डोळे एकमेकांचं ऐकायला लागले आणि ती पुन्हा पहिल्यासारखी कोरायला लागली, फरक इतकाच की आता काय कोरतोय ते तिला कळत होतं.

कळायला लागल्यावर तिला पोस्टरांचा कंटाळा यायला लागला. सर्कशीतला तोच तो वाघ आणि तोच तो सेल. रविवारी छापखाना बंद असायचा. मालकिणीनं तिला किल्ली दिली आणि लाकडाचे उरलेसुरले तुकडेही दिले. आत्यानं त्यांच्यावर अक्षरांऐवजी माणसं कोरायला सुरुवात केली. सुईत दोरा ओवणारी आई. पट्ट्यावर वस्तरा घासणारा शनिवारवाला. आगारात बसखाली झोपून काम करणारे बाबा आणि त्यांचे सोबती, ज्यात नुसते सहा बूट बाहेर आलेले दिसतात. पहिली छाप आईला दाखवली तेव्हा आई जरा फुगली.

“ताई, माझं नाक एवढं मोठं कशाला दाखवलंत?”

“नाक तुझंच आहे. मी फक्त शाई लावली,” आत्या म्हणाली.

आईनं दोन दिवस ते चित्र कपाटामागे ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच ते भिंतीवर लावलं, दारातून आत आल्या आल्या दिसेल असं.

मी दहा वर्षांची असताना आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई दुसऱ्या गावी निघून गेल्या. मुख्याध्यापिका शाळेच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ छापून घ्यायला छापखान्यात आल्या होत्या. भिंतीवर आत्याची चित्रं वाळत होती. त्या तिथेच थबकल्या. नवीन शिक्षक मिळेपर्यंत दोन महिने याल का, असं त्यांनी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, मला तुमची भाषा धड बोलता येत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तास चित्रकलेचा आहे, भाषणाचा नाही.

आत्या माझी लाडकी होती, पण घरात. वर्गातल्या मुलांसमोर तिचे ते मोडके उच्चार मला नको होते. पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि ती माझी कुणी लागत नाही असा चेहरा केला. आत्या आत आली. तिला सांगायचं होतं, बुटांचं चित्र काढा. मनात आपल्या भाषेत म्हणाली, “बूट काढा.” आपल्याकडे काढणं एकच, मग ते चित्र असो की पायातला बूट. इथल्या भाषेत दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत, आणि आत्यानं नेमका चुकीचा उचलला. चौतीस मुलांनी एकमेकांकडे बघितलं, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि काय करायचं ते न कळून बूट बाकांवर ठेवले.

आत्या क्षणभर गोंधळली. मग तिनं सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. चौतीस जोड, कुणाची टाच झिजलेली, कुणाची जीभ बाहेर आलेली, कुणाच्या एका बुटाला वेगळ्याच रंगाची नाडी. “हे तर जास्त चांगलं,” ती म्हणाली, “आता नीट दिसतायत.” आणि खडू घेऊन फळ्यावर एक झिजका बूट इतका हुबेहूब काढला, की ज्याचा होता तो मुलगा ओळखून ओरडला. मुलं हसली, तीही हसली. मी शेवटच्या बाकावरून सांगून टाकलं, ही माझी आत्या आहे. पुढे ती शाळेत होती तोवर दर वर्षीचा पहिला धडा तोच राहिला. बूट काढायचे आणि बूट काढायचे.

मुलांनी तिचं नाव शाईबाई ठेवलं. ती त्यांना रेघ शिकवायची, मुलं तिला शब्द शिकवायची. कुणी खोडरबर वापरलेलं तिला चालत नसे. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी दुसरी काढा, ती पहिलीला समजावून सांगेल, असं म्हणायची.

दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. मग शिक्षण कार्यालयातून पत्र आलं, की दोन वर्षांत इथलं प्रमाणपत्र मिळवलं नाही, तर शिक्षिका म्हणून ठेवता येणार नाही. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी तिला अठरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर परीक्षेला बसायचं होतं. हातकामाच्या परीक्षेत ती पहिली आली. लेखी पेपराला मात्र तिचा धीर सुटला. पानभर उत्तर लिहून झाल्यावर तिनं वाचून पाहिलं, तर पूर्ण पान उलटं लिहिलेलं होतं, ठशावर कोरावं तसं. घाबरलेल्या हातानं त्याला सवयीचं होतं ते करून टाकलं होतं. ते खोडून पुन्हा लिहिण्यात वेळ गेला, दोन प्रश्न राहिले, आणि चार गुणांनी ती नापास झाली.

निकाल सांगताना आत्या इतकी हसली की तिला उचकी लागली. आम्हीही हसलो. मग ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आई तिच्यामागून गेली. आईनं मला खूप वर्षांनी सांगितलं, की आत्या ओट्याला टेकून रडत होती आणि म्हणत होती, अण्णांच्या सहीखालीच बरी होते मी.

“मग आता स्वतःची सही करायची सवय लावून घ्या, ताई,” आई तिला म्हणाली. “दर रविवारी एक पान लिहायचं. मी घड्याळ घेऊन शेजारी बसते.”

आई स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली. पण वर्षभर एकही रविवार तिनं चुकू दिला नाही. आत्या लिहायची, आई घड्याळाकडे आणि पानाकडे आळीपाळीनं बघायची, आणि अक्षर उलटं वाटलं की टेबलावर टिचकी मारायची. शाळेतली मुलंही हात धुऊन मागे लागली. मधल्या सुट्टीत ती आत्याला गाठून प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की तिच्यासारखंच म्हणायची, राहू द्या, शेजारी दुसरं काढा. दुसऱ्या वर्षी आत्या पास झाली. मुख्याध्यापिकेनं त्या दिवशी शाळा दहा मिनिटं आधी सोडली आणि कारण विचारायला आलेल्या पालकांना शाईबाईकडे पाठवून दिलं.

त्यानंतर काही वर्षांनी शाळेच्या लांबलचक व्हरांड्याची जमीन बदलायला काढली. जुनं लिनोलियम, म्हणजे जमिनीला चिकटवलेलं रबरासारखं आवरण, पट्ट्या-पट्ट्यांनी उखडून हातगाडीवर चढवलं जात होतं. आत्यानं वर्गाच्या खिडकीतून ते पाहिलं आणि शिकवणं अर्धवट टाकून ती खाली धावली. हातगाडीसमोर उभीच राहिली. लिनोलियम म्हणजे कोरायला लोणी. ऊन दाखवून जरा गरम केलं की लाकडापेक्षा सोपं. त्या दिवशी सगळं लिनोलियम तिच्या सामानाच्या खोलीत जाऊन पडलं आणि रंगांचे डबे बाहेर आले.

तिनं मुलांना सांगितलं, या जमिनीवर तुम्ही इतकी वर्षं चाललात, आता तिच्यावर आपली गल्ली कोरायची. ज्यानं त्यानं आपापलं दार कोरायचं. मुलं महिनाभर अंगणात उन्हात पालथी पडून कोरत होती. माणसाच्या उंचीचे सात तुकडे तयार झाले. मग लक्षात आलं, की एवढं मोठं छापायला यंत्रच नाही. छापखान्यातल्या यंत्रात त्यातला एक कोपरासुद्धा मावला नसता.

शाळेबाहेरच्या रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं. रोड रोलरचा चालक सावलीत बसून डबा खात होता. आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आवाजाची तक्रार आली असं समजून त्यानं आधीच माफी मागून टाकली. आत्यानं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं डबा बंद केला, विचार केला आणि एकच अट घातली. गल्ली छापायची तर गल्लीत मीही पाहिजे. संध्याकाळपर्यंत मुलांनी सातव्या तुकड्याच्या टोकाला रोलर आणि त्यावर बसलेला चालक कोरून काढला, मिशांसकट.

आईनं कारखान्यातून खराब निघालेल्या पांढऱ्या चादरी आणून एकाला एक जोडल्या होत्या. अंगणात ठसे मांडले, मुलांनी लाटण्यासारख्या रुळांनी शाई लावली, वर चादर पसरली, चादरीवर घोंगड्या टाकल्या. रोलर धडधडत आला. पण चढताना त्यानं घोंगडी पुढे ढकलली आणि तिच्याबरोबर चादरही सरकली. उचलून पाहिलं तर गल्ली दोनदोनदा उमटली होती, भूकंप झाल्यासारखी. मुलांची तोंडं उतरली. चालक खाली उतरला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, चढाला फळ्या लावा, म्हणजे हा हळूच चढेल. रस्त्याचं काम मला कळतं.

फळ्या लावल्या. दुसरी चादर पसरली. रोलर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. अठ्ठावीस मुलांनी चादरीचे काठ धरून ती हळूहळू सोलल्यासारखी उचलली. चादरीच्या आतल्या बाजूला काळ्याशार शाईत पूर्ण गल्ली उभी होती. दारं, जिने, वाळत घातलेले कपडे, न्हाव्याचं दुकान, खिडकीतली मांजर, शेवटी रोलर. जो तो आपलं दार शोधायला धावला. चालक आपल्या मिशांसमोर बराच वेळ उभा राहिला. मग आत्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ती बिघडलेली चादर मला मिळेल का, तिच्यात मी दोन आहे.

चांगली चादर शाळेच्या पहिल्या मजल्यावरून खाली सोडली. आठवडाभर गल्लीतली माणसं कामावर जाताना तिथं थांबत होती. चादरीच्या खालच्या कोपऱ्यात अठ्ठावीस मुलांच्या सह्या होत्या आणि एकोणतिसावी आत्याची.

आत्या आता पंचाहत्तर वर्षांची आहे. शाळा सोडून बरीच वर्षं झाली. तिच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं गावात स्वतःची कार्यशाळा काढली आहे. तिथं तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, रेघा खोदून चित्रं छापतात. आत्याला ते कधी येत नव्हतं, म्हणून गेल्या वर्षीपासून ती आठवड्यातून दोनदा बसनं तिथं शिकायला जाते. शिष्या कडक आहे. हातमोजे घातले नाहीत म्हणून तिनं परवा आत्याला सगळ्यांसमोर झापलं, आणि आत्या “हो बाई” म्हणून मुकाट्यानं मोजे घालून आली. घरी येऊन हे तिनंच आम्हाला हसत हसत सांगितलं. मग पिशवीतून तळहाताएवढी एक छाप काढून आईपुढे धरली. आमच्या खिडकीत बसून वाटाणे सोलणाऱ्या आईचं चित्र होतं. एका कोपऱ्यात तेजाब जास्त वेळ राहिल्यानं चार वाटाणे एकमेकांत मिसळून गेले होते. आईनं चष्मा लावून ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, या वेळी नाक बरं आलंय. आत्या म्हणाली, नाक जमतंय, वाटाण्यांना अजून चार-पाच वर्षं लागतील.